बंदर लांब, मुदत जवळ : जहाजाचा अपघात किंवा दावा झाला तर कोल्हापूरकराने काय करावं

कोल्हापूरपासून न्हावा शेवा बंदर साधारण पावणेचारशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे ‘जहाजाचा दावा’ म्हटलं की आपल्याकडचा माणूस म्हणतो, ते मुंबईवाल्यांचं काम. पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कंटेनरमधून परदेशी जातं, इचलकरंजीचं कापड जातं, गूळ जातो, कोल्हापुरी चप्पल जाते. चंदगड-आजऱ्याकडच्या काजू कारखान्यांत येणारा आफ्रिकेचा कच्चा काजू जहाजानंच येतो. आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतली पोरं मर्चंट नेव्हीत आहेत.

मी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिली करतो. जहाज अटकवण्याचे दावे मी स्वतः चालवत नाही, त्यासाठी मुंबईत त्याच विषयात मुरलेले वकील आहेत. माझ्याकडे माणसं सगळ्यात आधी येतात, आणि बऱ्याचदा उशिरा येतात. शिरोलीचे एक कारखानदार आले होते, मोबाईलवर गंजलेल्या कास्टिंगचे फोटो घेऊन. माल पोचून सोळा महिने झाले होते. या सोळा महिन्यांत त्यांनी शिपिंग लाइनला वीसेक ईमेल केले होते, समोरून दर वेळी गोड उत्तर आलं होतं, आणि वर्षाची मुदत शांतपणे निघून गेली होती. त्यांचं म्हणणं खरं होतं, नुकसान खरं होतं. तरी मला त्यांना हात जोडून परत पाठवावं लागलं. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी ओळखा, तुमचं प्रकरण कुठल्या जातीचं आहे

सगळ्या ‘जहाजाच्या भानगडी’ एकसारख्या नसतात. माल खराब झाला, हरवला किंवा भलत्यालाच दिला गेला, हा एक प्रकार. जहाजावरच्या माणसाचा पगार थकला, तो जखमी झाला किंवा दगावला, हा दुसरा. दोन जहाजांची टक्कर, तेलगळती, मच्छीमारांच्या जाळ्यांचं नुकसान, हा तिसरा. तो कोल्हापुरात सहसा येत नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गकडून येतो. चौथा म्हणजे नोकरी लावतो म्हणून पैसे घेऊन पळालेला एजंट. हा सागरी दावाच नव्हे. ती फसवणूक आहे, आणि त्यासाठी आधी पोलीस ठाणं गाठायचं.

पहिल्या दोन प्रकारांवरच मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यातली माणसं त्यांतच अडकतात.

माल खराब झाला : पहिला आठवडा

कंटेनर उघडला आणि आत ओल दिसली, तर माल बाहेर काढायची घाई करू नका. तुम्ही निर्यातदार असाल तर परदेशातल्या खरेदीदाराला फोन करून हेच सांगा. आधी दाराचे फोटो, सीलचे फोटो असे घ्या की सील नंबर वाचता आला पाहिजे. मग दार उघडं असतानाचा फोटो, मग छताचा, मग तळाच्या फळ्यांचा. कंटेनरच्या आत उभं राहून दार बंद करून बघायला सांगा. कुठून उजेड आत येत असेल तर तिथूनच पाणी आलं असण्याची शक्यता आहे, आणि तो उजेडाचा ठिपका फोटोत पकडता येतो.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर मागवा. सर्व्हेअर काय करतो ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. गंजलेल्या कास्टिंगवर किंवा भिजलेल्या खोक्यावर तो सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. थेंब दुधासारखा पांढरा झाला तर तिथे मीठ आहे, म्हणजे समुद्राचं पाणी आत आलं असं धरायला आधार मिळतो. पांढरा झाला नाही तर पाणी बहुधा पावसाचं, नाहीतर कंटेनरला आतून फुटलेल्या घामाचं. गरम हवेत भरलेला कंटेनर थंड समुद्रात गेला की आतली वाफ छताला धरते आणि थेंबाथेंबाने मालावर पडते, तो हा घाम. पाणी खारं निघालं तर संशयाचं बोट जहाजाकडे किंवा फुटक्या कंटेनरकडे जातं. घाम निघाला तर समोरचा म्हणतो, तुमचं पॅकिंग कमी पडलं, ओल शोषणाऱ्या पिशव्या टाकल्या नव्हत्या, लाकडी पॅलेट ओले होते. त्या एका थेंबावर दाव्याची दिशा ठरते, म्हणून सर्व्हेअर येईपर्यंत माल पुसू नका, धुवू नका, तेल लावू नका. फक्त नुकसान वाढणार नाही एवढी काळजी घ्या. ओला माल सुक्यापासून वेगळा ठेवा.

आता लेखी नोटीस. भारतीय बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाला लागू असलेल्या नियमांत असं आहे की नुकसान उघड दिसत असेल तर माल ताब्यात घेतानाच, आणि दिसत नसेल तर तीन दिवसांच्या आत वाहकाला, म्हणजे माल नेणाऱ्या कंपनीला, लेखी कळवावं. कारखान्यापासून परदेशातल्या गोदामापर्यंत एकाच कागदावर माल गेला असेल, म्हणजे मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट असेल, तर १९९३ च्या कायद्यानुसार ही मुदत सहा दिवसांची आहे. नोटीस चुकली म्हणून दावा मरत नाही. पण माल चांगल्या स्थितीत पोचला असं आधी गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. नोटिशीत जास्त काही लिहू नका. बीएल नंबर (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर घेतल्याचा वाहकाचा कागद), कंटेनर नंबर, जहाजाचं नाव आणि फेरीचा नंबर, काय नुकसान दिसलं, अंदाजे किती रकमेचं, ‘आम्ही तुम्हाला जबाबदार धरतो’ आणि ‘संयुक्त सर्व्हेसाठी माणूस पाठवा’, एवढं पुरे. स्वतःच्या चुकीचे अंदाज, ‘कदाचित आमच्या पॅकिंगमुळेही’ अशा ओळी, अजिबात नकोत. असल्या ओळी पुढे कोर्टात वाचून दाखवल्या जातात.

मुदत : हा परिच्छेद दोनदा वाचा

बिल ऑफ लेडिंगवर गेलेल्या मालाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे एक वर्ष मिळतं. माल मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून. भारतीय कायद्यात कोर्टाच्या परवानगीने आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मल्टिमोडल कागद असेल तर मुदत फक्त नऊ महिने.

ईमेल पाठवल्याने, नोटीस दिल्याने, विमा क्लेम चालू असल्याने किंवा ‘साहेब बघतायत’ या उत्तराने घड्याळ थांबत नाही. थांबवायचं असेल तर दोनच मार्ग. एक, दावा दाखल करणं, किंवा कराराप्रमाणे लवादाची नोटीस देणं. दुसरा, वाहकाकडून स्पष्ट शब्दांत लेखी मुदतवाढ घेणं. अशी मुदतवाढ या धंद्यात रोज मागितली जाते आणि बऱ्याचदा दिलीही जाते. ती कोण देतोय ते मात्र पाहा. कोल्हापुरातल्या किंवा पुण्यातल्या फ्रेट फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाने, दिलेली मुदतवाढ जहाजमालकाला बांधत नाही. माझा सल्ला : माल पोचल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांवर कॅलेंडरमध्ये लाल खूण करा, आणि त्या दिवशी प्रकरण मिटलेलं नसेल तर फाइल घेऊन वकिलाकडे जा.

बीएल नीट वाचायला शिका

बिल ऑफ लेडिंगची मागची बाजू मुंगीसारख्या अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. तिच्यात तीन गोष्टी शोधा. वाहक कोण आहे, कारण वर छापलेलं नाव आणि जहाजाचा मालक हे बऱ्याचदा वेगळे असतात. वाद कुठल्या देशात चालवायचा. अनेक बीएलवर लंडन लिहिलेलं असतं. आणि जबाबदारीची मर्यादा.

या मर्यादेत पुष्कळ पैसा अडकलेला असतो, आणि माल भरताना घेतलेल्या काळजीने तो वाचतो. कायद्याने वाहकाची जबाबदारी एका नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा मालाच्या एका किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढी. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा रुपयातला भाव रोज बदलतो. समजा, चपलांचे प्रत्येकी २० किलोचे ४०० खोके एका कंटेनरमध्ये गेले आणि सगळे बुरशी लागून वाया गेले. बीएलवर ‘४०० खोके’ असं लिहिलं असेल तर नग ४००, आणि मर्यादा २,६६,६६८ एसडीआरपर्यंत जाते, अर्थात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त काही मिळत नाही. पण बीएलवर फक्त ‘एक कंटेनर’ लिहिलं असेल तर तो एकच नग धरला जाण्याची भीती असते. मग वजनाचा हिशोब लागतो, ८,००० किलो गुणिले दोन, म्हणजे १६,००० एसडीआर. एका ओळीने एवढा फरक पडतो. शिपिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे बीएलवर काय छापायचं ते कळवणारा कागद, भरणाऱ्या तुमच्या पोराला हे आजच सांगून ठेवा. कास्टिंगवाल्यांना हा फरक कमी जाणवतो, कारण ५०० किलोच्या पेटीला वजनानेच हजार एसडीआर होतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना धक्का देते. जहाज चालवण्यात कप्तानाची किंवा खलाशांची चूक झाली आणि त्यातून माल बुडाला, तर बीएलच्या नेहमीच्या नियमांनुसार वाहक मालाच्या नुकसानीला जबाबदार राहत नाही. जहाज प्रवासालाच लायक नव्हतं, किंवा माल नीट रचला-सांभाळला नाही, हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. म्हणून सागरी विमा हा टाळण्याचा खर्च नाही. पॉलिसी घेताना इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘ए’ आहे की ‘सी’ ते विचारा. ‘सी’ स्वस्त असते, पण आग, बुडणं, टक्कर अशा मोजक्या संकटांपुरती. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या गुळाला तिचा काही उपयोग नाही.

विम्याचं दुसरं कारण म्हणजे जनरल अ‍ॅव्हरेज. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. जहाज सुटल्यावर मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज आणि माल वाचवायला जो असाधारण खर्च झाला तो जहाजमालक आणि सगळे मालधनी यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तुमच्या मालाला ओरखडासुद्धा नसला तरी वाटा द्यावा लागतो, आणि हमी दिल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते. नसेल तर रोख अनामत भरायची तयारी ठेवावी लागते.

विमा कंपनीने क्लेम दिला म्हणजे वाहकाविरुद्धचा हक्क कंपनीकडे जातो. पण तो हक्क जिवंत ठेवायची जबाबदारी तोवर तुमची असते. नोटीस दिली नाही, मुदत घालवली, तर कंपनी त्यावरून क्लेम कापू शकते. कंपनीनेच अन्याय केला तर मात्र मुंबईला जायची गरज नाही. असे वाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येतात.

माल गेला, पैसे आले नाहीत

हल्ली हे प्रकरण सर्रास दिसतं. खरेदीदाराने पैसे भरले नाहीत, मूळ बीएल अजून तुमच्या बँकेत आहे, आणि तिकडे माल तर उचलला गेला. मूळ बीएल न घेता माल दिला असेल तर वाहक अडचणीत येतो, आणि असा दावा चांगला उभा राहतो. पण आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. खरेदीदाराच्या आग्रहाखातर तुम्हीच ‘सरेंडर’ किंवा ‘टेलेक्स रिलीज’ला, म्हणजे तिकडे मूळ बीएल न दाखवता माल सोडायला, होकार दिला होता का? दिला असेल तर वाहकाविरुद्ध फारसं काही उरत नाही. पैसे हातात येईपर्यंत बीएल सोडू नका, खरेदीदार कितीही जुना असला तरी.

जहाज अटकवणं म्हणजे काय

जहाजाची कंपनी पनामात नोंदवलेली, कप्तान एका देशाचा, ऑफिस दुसऱ्या देशात. दावा जिंकून वसूल कुणाकडून करायचं? म्हणून सागरी कायद्यात जहाजालाच प्रतिवादी करता येतं. आपल्याकडे हा अधिकार २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, कायद्याने उच्च न्यायालयांना आहे, हा कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. परदेशी जहाजावर आपल्या न्यायालयांचा अधिकार चालतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ निकालात ठामपणे सांगितलं होतं. त्यात माल गोव्यातून गेला होता आणि जहाज पकडलं गेलं विशाखापट्टणमला.

व्यवहारात असं चालतं. जहाज ज्या उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या समुद्रात असेल, अर्ज तिथेच करायचा. न्हावा शेवाला किंवा जयगडला असेल तर मुंबई, मुंद्र्याला असेल तर अहमदाबाद, कोचीला असेल तर केरळ. न्यायाधीशांना प्रथमदर्शनी दावा पटला तर अटकेचा हुकूम निघतो आणि बंदरात जाऊन तो जहाजावर बजावला जातो. मग जहाज जागेवरून हलत नाही. उभ्या जहाजाचा रोजचा खर्च मोठा असतो, त्यामुळे मालक बँक हमी, त्याच्या विमा संघटनेचं म्हणजे पी अँड आय क्लबचं हमीपत्र, किंवा कोर्टात रक्कम भरून जहाज सोडवून नेतो. दावा पुढे त्या हमीवर चालतो. बीएलवर लंडन लिहिलेलं असलं तरी हमी मिळवण्यासाठी ही वाट वापरता येते का, हे वकिलाला जरूर विचारा.

त्याच जहाजाने परत यायची वाट बघावी लागत नाही. त्याच मालकाचं दुसरं जहाज आलं तर तेही अटकवता येतं. २५ मे २०२५ ला ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज सहाशेहून अधिक कंटेनरसह केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडालं. त्यात काजू गमावलेल्या आयातदारांच्या अर्जावर केरळ उच्च न्यायालयाने ‘एमएससी मानसा एफ’ या दुसऱ्याच जहाजाला अटकवण्याचा हुकूम दिला. पुढे राज्य सरकारने प्रदूषणाबद्दल ९,५३१ कोटींचा दावा लावला, त्यात ‘एमएससी अकितेता २’ अडकवलं गेलं. आजऱ्याच्या काजूवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जहाज ओळखायचं ते नावावरून नाही. नावं बदलतात, झेंडे बदलतात, पण सात आकडी आयएमओ नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो शोधून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. जहाज सध्या कुठे आहे, पुढचं बंदर कुठलं, हे जहाजांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतं.

दोन धोके सांगतो. ज्याच्यावर तुमचा दावा आहे तो जहाजाचा मालक नसून नुसता भाड्याने जहाज घेणारा असेल, तर अटक टिकेलच असं नाही. आणि अटक चुकीची ठरली तर झालेलं नुकसान भरून देण्याची लेखी हमी कोर्ट तुमच्याकडून घेऊ शकतं. रागाच्या भरात जहाज अटकवायचं नसतं.

घरचं माणूस जहाजावर असेल तर

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माल नाही, माणूस आहे.

पोरगं जहाजावर जाण्याआधी घरात एक फाइल करा. करारपत्राची प्रत, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तिकेची) प्रत, इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), पासपोर्ट, एजंटचं नाव आणि त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना नंबर, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, जहाजावरच्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरचा फोन. परवाना खरा आहे का ते केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या, वेबसाइटवर पाहता येतं. परवानाधारक एजंटाला नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. लाखांत पैसे मागणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका.

पगार थकला तर पहिल्या महिन्यापासून लेखी मागत राहा, आधी कप्तानाकडे, मग एजंटाकडे, मग डीजी शिपिंगकडे. मुंबईतल्या नाविक संघटना, म्हणजे नुसी, फॉरवर्ड सीमेन्स युनियन आणि अधिकाऱ्यांसाठी मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया, यांच्यामार्फत प्रकरण लवकर हलतं. भारताने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार मान्य केला. त्याप्रमाणे मालकाने दोन महिने पगार दिला नाही, घरी आणण्याचा खर्च टाळला किंवा अन्नपाण्यावाचून सोडलं, तर खलाशाला ‘वाऱ्यावर सोडलेला’ मानतात, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च मालकाच्या आर्थिक हमीतून मागता येतो. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असावं लागतं. पोराला सांगा, चढल्याच्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठव.

कोर्टात गेलं तर पगाराच्या दाव्याला मोठा मान आहे. २०१७ च्या कायद्यात तो जहाजावरचा बोजा आहे. जहाज विकलं गेलं तरी बोजा जहाजाबरोबर जातो, आणि वसुलीत तो पुढच्या रांगेत असतो. बाकीचे बोजे एका वर्षात संपतात. पगाराच्या बोजाला दोन वर्षं आहेत. पण त्या दोन वर्षांत जहाज अटकवलेलं असावं लागतं, नुसता अर्ज पुरत नाही.

जखमी झाला तर जहाजावरच्या वैद्यकीय नोंदवहीत आणि अपघात अहवालात नाव आलंय का ते तिथेच पाहायला सांगा. ‘स्वतःच्या इच्छेने उतरतो’ अशा कागदावर सही करून उतरलेल्या पोराची बाजू लंगडी होते. उतरण्याचं कारण ‘वैद्यकीय’ असंच लिहिलेलं हवं. घरी आल्यावर लगेच कंपनीला लेखी कळवा, आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, प्रत्येक तपासणीचा कागद जपा.

आणि मृत्यू झाला तर. भुदरगड तालुक्यातल्या एक काकू आल्या होत्या. मुलगा जहाजावर दगावला त्याला वीस दिवस झाले होते. एजंटाचा माणूस घरी येऊन बसला होता, हातात चेक आणि चार पानांचा इंग्रजी कागद. काकू म्हणाल्या, “वकीलसाहेब, सही केली नाही तर मिळतंय तेबी जाईल म्हणतोय.” मी कागद वाचला. तो पूर्ण आणि अंतिम फारकतीचा, म्हणजे यापुढे काही मागणार नाही असं लिहून देण्याचा, होता आणि रक्कम करारातल्या रकमेपेक्षा कमी होती. सागरी कामगार करारात स्पष्ट आहे की नोकरीच्या करारात ठरलेली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी रक्कम घेण्यासाठी दबाव आणायचा नाही, आणि ती घेतल्याने बाकीचे कायदेशीर हक्क जात नाहीत. काकूंनी सही केली नाही. करारातली पूर्ण रक्कम यायला पुढे काही महिने लागले, पण ती आली.

अशा वेळी हे कागद मागा : जहाजाच्या लॉगबुकातल्या नोंदीची प्रत, शवविच्छेदन अहवाल, भारतीय दूतावासाचा पत्रव्यवहार, सहकाऱ्यांचे जबाब, पगाराचा शेवटचा हिशोब, आणि खलाशांच्या प्रॉव्हिडंट फंडाची नोंद. भरपाईच्या दाव्यासाठी कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात मृत्यूची बातमी कळल्यापासून एक वर्ष, आणि जहाज सगळ्या माणसांसह बुडालं असेल तर अठरा महिने अशी मुदत घातलेली होती. आता सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण तुम्ही त्या वर्षाच्या आतच जा. माणूस समुद्रात हरवला आणि देह मिळाला नाही तर सात वर्षं थांबायलाच हवं असं लोक सांगतात. ते अर्धवट आहे. सात वर्षं हा काहीच माहीत नसतानाचा नियम आहे. जहाज कुठे, कधी, कुठल्या वादळात गेलं याचा भक्कम पुरावा असेल तर न्यायालय आधीही मृत्यू मान्य करू शकतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ बार्ज पी-३०५ बुडाली तेव्हा कित्येक घरांनी नुसती ओळख पटण्यासाठी दिवसचे दिवस वाट पाहिली. त्या दिवसांत डीएनए नमुना देणं आणि पोलिसांत हरवल्याची नोंद करणं हीच घरच्यांच्या हातातली खरी कामं असतात.

टक्कर किंवा मोठा अपघात असेल तर एक घाई वेगळी आहे. जहाजावर विमानासारखीच नोंदपेटी असते, तिला व्हीडीआर म्हणतात. तिच्यातली नोंद ठराविक तासांनी पुसून तिच्यावर नवी चढते. जुन्या जहाजांवर ही मुदत अवघी बारा तासांची असू शकते. म्हणून ‘व्हीडीआरची नोंद जपून ठेवा’ हा ईमेल कंपनीला आणि डीजी शिपिंगला त्याच दिवशी जायला हवा. तो घरचं कुणीही पाठवू शकतं, वकीलच हवा असं नाही.

कोल्हापुरात काय, मुंबईत काय

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कितीतरी वर्षांची मागणी पुरी झाली, याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. पण जहाज अटकवण्याचा दावा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, मुंबईत चालतो. त्यासाठी मुंबईचाच वकील बघा.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायसंकुलातच आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, अपंग, आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आतले यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मोफत फोन क्रमांक आहे. खलाशाच्या आईला किंवा पत्नीला उत्पन्नाची अट लागतच नाही, स्त्री म्हणूनच तिला हा हक्क आहे. हे सांगितल्यावर बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

वकील निवडताना थेट विचारा : तुम्ही स्वतः जहाज अटकवण्याचा किंवा खलाशाच्या पगाराचा दावा चालवला आहे का? समोरची कंपनी किंवा तिचा पी अँड आय क्लब तुमचा अशील तर नाही ना? फी टप्प्याटप्प्याने किती, कोर्ट फी वेगळी किती? वसुलीत टक्का मागणाऱ्यापासून दूर राहा, निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे.

अजून एक. २०२५ मध्ये संसदेने बिल्स ऑफ लेडिंग, समुद्रमार्गे मालवाहतूक, मर्चंट शिपिंग, किनारी वाहतूक आणि बंदरं या पाचही विषयांवर नवे कायदे केले. म्हणून घटनेची तारीख पहिल्याच भेटीत सांगा, आणि त्या तारखेला कुठला कायदा लागू होता हे वकिलाकडून लेखी घ्या. जुन्या लेखातली कलमं घेऊन वाद घालू नका, माझ्या या लेखातलीही नकोत.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात तर सकाळी सीएसएमटीला उतरून उच्च न्यायालयापर्यंत चालत जाता येतं. फाइलमध्ये सगळ्यात वर एक कागद ठेवा : तारखांचा. माल कधी भरला, जहाज कधी निघालं, माल कधी पोचला, नुकसान कधी दिसलं, नोटीस कधी दिली, उत्तर कधी आलं. त्याखाली बीएल दोन्ही बाजूंनी छापलेली, बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, ट्रकची बिल्टी, सर्व्हे रिपोर्ट, पॉलिसी. फोटो मोबाईलमधूनच पाठवू नका. मूळ फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि मोबाईलमधले मूळ फोटो पुसू नका, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत तारीख-वेळेची नोंद राहत नाही.

तारखांच्या त्या कागदावर शेवटची ओळ लाल शाईने लिहा : मुदत कधी संपते. वकिलाने फाइल उघडताच त्याची नजर आधी तिथे जाते.